दीड तोळ्याची भिंत

रंभाबाई झारेकरीण जन्मभर घाबरत जगली, आणि तिच्या त्या घाबरटपणावर बऱ्हाणपूरच्या सगळ्या सराफ्याचा भरवसा होता. ऐकायला विचित्र वाटेल, पण मी तिच्या घरात चार वर्षं भाड्यानं राहिलो आहे. मी तारघरात नोकरीला होतो. ती मला कधी विनायक म्हणाली नाही, कायम ‘तारबाबू’च म्हणाली.

झारेकरी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीतली राख, हात धुतलेलं पाणी, जुनी फाटकी बसकरं, असलं सगळं विकत घ्यायचं, जाळायचं, धुवायचं आणि त्यातून सोन्याचांदीचे कण काढायचे, हा झारेकऱ्याचा धंदा. नवरा लोटू झारेकरी वारल्यावर रंभाबाईनं तो एकटीनं चालवला. शिवाय कुणाला दागिना मोडून त्यातलं चोख सोनं वेगळं करून हवं असेल, तर तेही ती करून द्यायची.

तिच्या घाबरण्याला सीमा नव्हती. कुलूप तीनदा ओढून बघायची. केस विंचरायची तेसुद्धा पांढऱ्या फडक्यावर बसून, न जाणो एखादा कण केसात अडकला असेल. कामाच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं उंबऱ्यापाशी ठेवलेल्या पितळी परातीत पाय धुवायचे, हा तिच्या सासऱ्यापासूनचा नियम. ते पाणीसुद्धा ती साठवायची. मी नुसता चहा प्यायला आत गेलो तरी माझे पाय धुतल्याशिवाय सुटका नसे. थंडीच्या दिवसांत मी फार चिडायचो. “मावशी, माझ्या तळव्याला सोनं लागलं असतं तर मी तारघरात टकटक करत कशाला बसलो असतो?” असं म्हणायचो. ती म्हणायची, “पाय टाका बाबू, मंग बोला.”

आणखी दोन नियम होते. ज्याचा दागिना भट्टीत आहे त्यानं सोनं हातात पडेपर्यंत समोरून उठायचं नाही. आणि त्यानं तोंडानं ‘मिळालं’ म्हटल्याशिवाय कामातलं कुठलंच पाणी टाकायचं नाही. त्यानं तसं म्हटलं, चांदीही पाण्यातून निघाली, की मग उरलेलं पाणी परसातल्या चुन्याच्या ढिगावर ओतायचं, म्हणजे त्यातलं तेजाब, म्हणजे ॲसिड, मरतं. हे नियम पाळून लोटूच्या घराण्यात तीन पिढ्या कुणावर बोट उठलं नव्हतं.

ते उठलं १९४९ सालच्या पितृपक्षात.

मथुराबाई नावाच्या एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं स्वच्छ, मधूनच एखादा दरबारी हिंदी शब्द. माळव्यातल्या एका लहानशा संस्थानात चौदा वर्षं त्या राजकन्यांना वाचन आणि भरतकाम शिकवत होत्या. संस्थान विलीन झालं, शिकवणी गेली. त्याच सुमारास, सहाच महिन्यांपूर्वी, नवरा गेला. आता बऱ्हाणपुरात भावाच्या घरी राहत होत्या आणि वहिनीच्या तोंडाकडे बघून भाकरी खात होत्या. निरोपाच्या वेळी राणीसाहेबांनी स्वतःच्या हातानं एक पांढरा हार दिला होता. तेवढंच त्यांच्या चौदा वर्षांचं फळ.

मथुराबाईंना वाटलं होतं, तो प्लॅटिनमचा आहे. सराफ्यातले मुख्य पंच लीलाधरशेठ यांनी कसोटीवर घासून सांगितलं, “हे पांढरं सोनं आहे. आत सोनं किती, ते माझा दगड सांगत नाही. रंभाबाईकडे जा.” म्हणून त्या आल्या. हार नऊ तोळ्यांचा. त्यातलं सोनं निघालं की गावातल्या शनवारा वस्तीत दोन खोल्या घ्यायच्या आणि मुलींचा शिवणाचा वर्ग काढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

रंभाबाई आधी नाहीच म्हणाली. “पितरपाटात सोनं आगीत टाकत नई बाई. दहा-बारा दिस थांबा, घट बसू द्या.”

“दहा-बारा दिवस मी थांबेन हो, पण माझी वहिनी थांबणार नाही,” मथुराबाई म्हणाल्या. “आणि राणीसाहेबांनी मला शब्द दिलाय, यात तांब्याचा कणही नाही. तुम्हाला काही त्रास व्हायचा नाही.”

रंभाबाईचं मन घाबरट असलं तरी मऊ होतं. ती तयार झाली.

तो रविवार होता. मला सुट्टी होती. पडवीत बसून मी पलटणीच्या मोडीत विकायला निघालेला एक बिनतारी संच खोलत होतो. लढाई संपल्यावर असले संच भंगाराच्या भावानं मिळायचे आणि माझा सगळा पगार त्यात जायचा. मथुराबाई आत भट्टीसमोर पाटावर बसल्या होत्या. रंभाबाईनं हार मुशीत वितळवला, त्यात स्वतःची पंचवीस तोळे चांदी मिसळली, रस थंड करून त्याचा पातळ पत्रा ठोकला. तो पत्रा काचेच्या चंबूत शोऱ्याच्या तेजाबात उकळायचा. तेजाब चांदी खातं, सोन्याला हात लावत नाही. सोनं तळाशी बसतं. दागिन्यात तांबं असेल तर पाणी हिरवं होतं, नसेल तर स्वच्छ राहतं. दागिन्याच्या पाण्याचे रंभाबाईला चाळीस वर्षांत एवढे दोनच रंग ठाऊक होते.

मला आतून एकदम तिचा आवाज ऐकू आला. “बाई, उठू नका! बसा! बाई!”

आणि मथुराबाई तोंडाला पदर लावून, परातीत पाय न धुता, माझ्या समोरून तडक अंगणात गेल्या. रंभाबाई पाठोपाठ परात घेऊन आली. मला हसू आलं, हे कबूल करतो. नंतर त्या हसण्याची मला लाज वाटली.

“धुरानं जीव घाबरा झाला,” मथुराबाई म्हणाल्या. तेजाबाचा तपकिरी धूर वाईट असतोच, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. त्या तासाभरानं परत आल्या तेव्हा सोनं आटवून त्याचा गोळा तयार होता. साडेसात तोळे भरलं. “बाकीचं चांदीबरोबर असंल, चार दिसांनी या,” असं रंभाबाईनं सांगितलं. त्यांनी गोळा पदरात बांधला आणि घाईनं “मिळालं” म्हणाल्या.

त्या एका शब्दानं घोटाळा केला. दुसऱ्या दिवशी रंभाबाईनं चंबूतल्या पाण्यात मीठ टाकून चांदी खाली बसवली, चांदीचा साका काढून घेतला आणि उरलेलं पाणी रीतीप्रमाणे चुन्याच्या ढिगावर ओतलं. मालकिणीनं ‘मिळालं’ म्हटलंच होतं. चौथ्या दिवशी चांदी आटवून तोलली तर ती पंचवीस तोळे भरली. तिची तिची चांदी तेवढी परत आली. हार नऊ तोळ्यांचा, सोनं साडेसात, आणि दीड तोळा कुठंच नाही.

मी तारघरातून आलो तेव्हा ती तराजूसमोर बसली होती. पारडी रिकामी होती आणि ती तरीही त्यांच्याकडे बघत होती.

“तांबं होतं म्हणून सांगा की,” मी म्हणालो. “राण्यांना काय कळतं? सोनारानं फसवलं असेल.”

“पानी हिरवं नव्हतं, तारबाबू. तांबं कसं म्हनू?”

“कोणी पाहिलंय?”

“मी पाह्यलं ना.”

सराफ्यात दुसऱ्या कुणी डोळे मिटून तांबं म्हटलं असतं आणि मथुराबाईंनाही ते मानावं लागलं असतं. ही बाई तेवढं एक खोटं बोलली असती तर हे सगळं झालंच नसतं. पण तिला खोट्याचीही भीती वाटायची.

संध्याकाळी मथुराबाई आपल्या भावाला घेऊन आल्या. दीड तोळा मिळत नाही म्हटल्यावर त्या किंचाळल्या नाहीत, त्यांचा चेहरा नुसता पांढरा पडला. भाऊ मात्र बोलला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, “घरात दोघंच होती, ही आणि हा तारवाला. बहीण उठली तेवढ्यात काम झालं.” मी त्याच्या अंगावर जाणार होतो. रंभाबाईनं माझा सदरा धरला. तिला वाटलं असतं तर ती म्हणू शकली असती, ‘बाई, नियम तुम्ही मोडला. पाय न धुता तुम्ही गेलात. दीड तोळा तुमच्याच पायाला लागून गेला असेल.’ ती म्हणाली नाही. का, ते मी नंतर विचारलं, तर म्हणाली, “त्यायच्या पायात काय असनार? गरीब बाई.”

प्रकरण लीलाधरशेठकडे गेलं. सर्वपित्री अमावास्येला पंच येणार, असं ठरलं. रंभाबाई खोटी ठरली तर सराफ्यातलं एकही दुकान तिला केर देणार नव्हतं. हातात सहा दिवस होते.

पहिल्या दिवशी तिनं मूस फोडून वाटली, भट्टीची राख धुतली, बसायचं पोतं जाळलं. काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सब्बल घेतली आणि स्वतःच्या कामाच्या खोलीची जमीन खणायला काढली. झारेकरी स्वतःची जमीन धुवायला काढतो तेव्हा साऱ्या गल्लीला कळतं की वजन कमी आलं. ती माती दिवसाढवळ्या टोपल्यांनी अंगणात आणत होती आणि शेजारणी आपापल्या दारात उभ्या होत्या. एकीनंही हाक मारली नाही. तीन पिढ्यांच्या मातीतून चार गुंजा सोनं निघालं. ती जेवत नव्हती. मध्येच विचारायची, “तारबाबू, मीच घेतलं असंल का हो? घेऊन इसरली असंल?” मी तिच्यावर ओरडलो. मला दुसरं काही सुचेना, कारण माझाही जीव टांगणीला लागला होता. तारघरात बातमी पोचली होती. तारमास्तर माझ्याशी जपून बोलू लागले होते.

चौथ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढे बसून आपल्याशीच पुटपुटत होती. “पितरपाटात आगीत टाकलं. पानी लाल झालं तवाच मले समजायला पायजे होतं.”

“काय झालं?”

“पानी. लाल झालं होतं. अपशकुन, म्हनून कोनाले बोलली नई.”

मी पितळी पेला खाली ठेवला. गेल्या हिवाळ्यात मीच माझ्या भंगारातल्या एका संचाचे रिले तिला दिले होते. रिले म्हणजे बिनतारीतला आपोआप उघडझाप करणारा खटका. त्याच्या पत्र्यांच्या टोकांना मोहरीएवढे पांढरे ठिपके असतात. चांदी असेल म्हणून तिनं मूठभर ठिपके तेजाबात टाकले होते आणि मला सांगितलं होतं, “तुमची चांदी खोटी आहे बाबू, पानी लाल झालं.” आम्ही दोघं हसलो होतो.

मी तसाच तारघरात गेलो आणि कपाटातलं दुरुस्तीचं जाड पुस्तक काढलं. कुठल्या खटक्याचे ठिपके कुठल्या धातूचे, याची त्यात यादी होती. त्यात पॅलेडियम हा शब्द मिळाला. नागपूरहून तपासणीला येणारे एक साहेब या धातूला प्लॅटिनमची धाकटी बहीण म्हणायचे, आणि सोन्यात मिसळली तर सोनं पांढरं होतं असंही त्यांनी एकदा सांगितलं होतं. तेव्हा मी अर्धवट कानानं ऐकलं होतं. म्हणजे राणीसाहेब खोटं बोलल्या नव्हत्या, रंभाबाईनंही काही घेतलं नव्हतं. दीड तोळा त्या लाल पाण्यात होता.

धावत घरी आलो. “मावशी, ते पाणी कुठं आहे?”

“चुन्यावर ओतलं.”

“मग चुना कुठं आहे?”

तिनं हळूच परसाकडे मान वळवली. तिथं ढीग नव्हता. घट बसायच्या आधी घर पांढरं करायचं म्हणून पाणी ओतलेल्या दुसऱ्याच दिवशी, वजन कमी आल्याचं कळण्याच्याही आधी, तिनं तो चुना कालवून परसाच्या भिंतीला फासला होता. काटकसरीच्या बाईला फुकटचा चुना टाकवतो होय! भिंतीचा मधला दोन हात भाग चहा सांडल्यासारखा दिसत होता, आणि त्यापायी चुनेवाल्याला तिनं शिव्याही घातल्या होत्या.

भिंत उघड्यावर होती. अशीरगडाच्या बाजूनं ढग येत होते. भादव्यातला पाऊस सांगून येत नाही. एक सर आली असती तर दीड तोळा गटारातून तापीला गेला असता. आम्ही खाटेवरची सतरंजी, माझं पांघरूण, तिची दोन लुगडी, जे हाताला लागलं ते भिंतीवर टाकलं आणि खाली पांढरं फडकं अंथरून कोयत्यानं चुना खरवडू लागलो. ती पुटपुटत होती, “नको येऊ रे बापा, घडीभर नको येऊ.” चार थेंब पडले. माझ्या मानेवर एक पडला तेव्हा मी देवाला नवस बोललो, आणि तो काय होता ते सांगणार नाही. पाऊस पुढे खकनारकडे निघून गेला.

खरवडलेला चुना तिनं मिठाच्या तेजाबात विरवला. फसफसून शांत झालं तेव्हा पाणी तांबूस दिसत होतं. त्यातून धातू कसा काढायचा, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण लोखंड टाकलं की हिरव्या पाण्यातून तांबं पडतं, हे तिचं रोजचं काम होतं. “जस्त आनखी कडक असते,” ती म्हणाली. तारघराच्या बॅटरीतून बाद झालेली जस्ताची कांडी मी मास्तरांना विचारून आणली. ती पाण्यात बुडवली आणि आम्ही दोघं समोर बसून राहिलो. हळूहळू कांडीवर काळं धरू लागलं, मग ते तळाशी बसू लागलं. काजळीसारखी भुकटी. धुऊन, वाळवून तोलली तर एक तोळा पाच मासे भरली; तोळ्याचे मासे बारा. एक मासा भिंतीत राहिला असेल.

मी उडीच मारली. रंभाबाई हसली नाही. “काळी राख दाखवून पंच मानतील का, तारबाबू?”

तिची भीती खरी ठरली. अमावास्येला लीलाधरशेठ आणि दोन पंच त्या उकरलेल्या खोलीत बसले. मथुराबाई भावाच्या शेजारी होत्या. शेठनी भुकटी बोटावर घेतली, कसोटीवर घासली आणि म्हणाले, “रंभाबाई, ही तर काजळी दिसते. हिला मी धातू कसं म्हणू?”

मी बाहेर पडवीत जाऊन तारघरातलं पुस्तक घेऊन आलो आणि पॅलेडियमचं पुस्तकी भाषण केलं. ते कुणालाच पटलं नाही. चोराच्या बाजूनं चोराचा भाडेकरू बोलतोय, असंच भावानं म्हटलं. मग रंभाबाईनं चंबू घेतला, चिमूटभर भुकटी टाकली, शोऱ्याचं तेजाब ओतलं आणि शेगडीवर धरला. थोडा वेळ नुसताच धूर आला. मग पाण्यात लाल धागे सुटले आणि बघता बघता सगळं पाणी लालभडक झालं.

“अरे वा,” एक पंच म्हणाला.

लीलाधरशेठ जुने जाणते होते. ते म्हणाले, “लाल झालं, मान्य. पण त्या दिवशीही लाल झालं होतं, हे कोण सांगणार? तू सांगशील आणि हा तारबाबू सांगेल. तुमच्या दोघांवरच तर आळ आहे.” आणि ते मथुराबाईंकडे वळले. “बाई, तुम्ही समोर होतात. तुम्ही काय पाहिलंत?”

भाऊ लगेच म्हणाला, “ती धुरानं उठून गेली होती. तिनं काही पाहिलं नाही.”

मथुराबाईंनी एवढंच खरं मानू दिलं असतं तर दीड तोळ्याची भरपाई सोन्यात मिळाली असती, आणि दोन खोल्या थोड्या जवळ आल्या असत्या. मला त्यांचा राग आला नाही, मला फक्त भीती वाटत होती. रंभाबाई त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिचे डोळे चंबूवर होते, उतू जाऊ नये म्हणून.

“मी धुरानं उठले नाही,” मथुराबाई म्हणाल्या.

भाऊ काहीतरी बोलायला लागला, त्यांनी हातानं थांबवलं.

“पाणी लाल झालं म्हणून उठले. असंच, कुंकू कालवल्यासारखं. सहा महिने झाले मला घरातल्या कुंकवाच्या करंड्याकडे बघवत नाही, वहिनीनं तो फळीच्या मागे ठेवलाय. इथं तो चंबूत उकळायला लागला.” त्यांनी कपाळावरचा पदर पुढे ओढला. “हे मला चारचौघांत सांगायची लाज वाटली. म्हणून धूर म्हणाले. हाच रंग होता, शेठजी. हाच.”

शेठनी भुकटीची पुडी बांधून मथुराबाईंच्या हातात दिली, म्हणाले, “बऱ्हाणपुरात हिला गिऱ्हाईक नाही, मुंबईला माझा माणूस जातो, त्याच्याबरोबर पाठवू.” मग ते रंभाबाईकडे वळून म्हणाले, “दसऱ्याचा केर नेहमीसारखा न्यायला ये.” तेव्हा कुठं तिनं चंबू खाली ठेवला आणि जमिनीवर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसायलाही विसरली होती.

सगळे उठले. पंच आणि भाऊ परातीत पाय धुऊन बाहेर पडले. मथुराबाई शेवटच्या. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या, लुगडं थोडं वर धरलं आणि आधी एक पाय परातीत ठेवला, मग दुसरा.

“राहू द्या बाई,” रंभाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “तुमच्यावर काय भरवसा नई का मले?”

“त्या दिवशीचे राहिलेत,” मथुराबाई म्हणाल्या, आणि वाकून दोन्ही पाय नीट चोळून धुतले.

त्या गेल्यावर रंभाबाई उठली, परातीतलं पाणी नेहमीच्या माठात ओतलं, वर झाकण ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

“तारबाबू, तुमी बाहेर गेलता मघाशी. पाय धुतले होते का?”